सहा हजार किलोंचा संसार

संसार हे ओझे आहे, असे आपल्याकडे संतांनी सांगितले, कीर्तनकारांनी सांगितले, आणि लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी वाढून घेता घेता वडीलधाऱ्या मंडळींनीही नवरदेवास सांगितले. परंतु ते ओझे नेमके किती किलोंचे, हा साधा प्रश्न विचारण्याचे धैर्य ह्यांपैकी एकालाही झाले नाही. वेदान्त्यांनी संसार मिथ्या ठरवून वजनाचा प्रश्नच निकालात काढला. आणि ज्या नैयायिकांनी गुरुत्व हा स्वतंत्र गुण मानला, त्यांनीही तो पृथ्वी आणि जल ह्या द्रव्यांपाशीच सोडून दिला, कपबशा आणि गाद्या ह्यांच्यापर्यंत आणण्याचे कष्ट घेतले नाहीत. षड्दर्शने जेथे मौन धरून बसली, तेथे अखेर भारत सरकारचे वित्त मंत्रालय पुढे सरसावले, आणि सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींस अनुसरून जुलै २०१७ मध्ये काढलेल्या एका ज्ञापनात, बदली झालेल्या सरकारी नोकराच्या संसाराचे कमाल वजन त्याने किलोंमध्ये जाहीर करून टाकले. तेच माप पुढे सैन्यासही लागू झाले. आणि सैनिकाची दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हावयाचीच असल्यामुळे, ह्या तत्त्वज्ञानाचा खरा प्रयोग त्याच्याच घरी सुरू झाला.

ते माप असे. वेतनश्रेणीच्या चौथ्या पायरीपर्यंतची मंडळी, म्हणजे शिपाई आणि नाईक, ह्यांचा संसार १,५०० किलोंचा. पाचव्या पायरीवरील हवालदाराचा ३,००० किलोंचा. आणि सहाव्या पायरीपासून वर, म्हणजे नायब सुभेदारापासून थेट लष्करप्रमुखापर्यंत, सर्वांचा ६,००० किलोंचा. ज्या संस्थेत भोजनगृहापासून सलामीपर्यंत प्रत्येक गोष्ट हुद्द्याच्या उतरंडीने चालते, तेथे नायब सुभेदार आणि जनरल ह्या दोघांचे बिऱ्हाड एकाच काट्यावर एकाच आकड्यास थांबावे, ही समता मला तरी अद्वैताच्या फार जवळची वाटते. वाहनाच्या बाबतीत मात्र द्वैत कायम आहे. सहाव्या पायरीपासून वर एक मोटार अथवा एक मोटारसायकल नेता येते. पाचव्या पायरीपर्यंत मोटारसायकल, स्कूटर, मोपेड किंवा सायकल ह्यांपैकी एक. बुलेट आणि सायकल ह्यांना एकाच ओळीत बसविणारा हा नियम लिहिणारा कारकून स्वतः कशावरून कचेरीत येत असावा, ह्याचा तर्क वाचकांनी करावा.

माझे धाकटे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई म्हणून भरती झाले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे तिन्ही मापांतून चढत गेलेला एक संसार मला अगदी जवळून पाहावयास मिळाला. बेळगावच्या केंद्रातले शिक्षण संपवून ते पलटणीत रुजू झाले, तेव्हा त्यांची एकूण जंगम मालमत्ता म्हणजे पांढऱ्या अक्षरांत नाव, नंबर आणि पलटण लिहिलेली एक काळी पत्र्याची ट्रंक, एक बिस्तरा आणि आजीने जबरदस्तीने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा एवढीच होती. आकडे तेव्हाचे निराळे असतील, परंतु पद्धत हीच होती. सरकार मोठ्या औदार्याने त्यांचे शेकडो किलो सामान वाहून नेण्यास सिद्ध होते आणि मामांपाशी, चटणी धरूनही, पन्नास किलो भरत नव्हते. हक्क आणि वस्तुस्थिती ह्यांच्यामधली ही पोकळी मामांना कधी जाणवली नाही. ती प्रथम जाणवली मामींना.

मामी साताऱ्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पडीक जमीन पाहिली की ज्यांच्या जिवाला चैन पडत नाही अशा कुळातल्या. सरकार आपल्या हक्काचे सारे सामान फुकट नेते आणि आपण त्यातले तीन-चारशे किलोच वापरतो, हे त्यांना पहिल्या बदलीतच कळले, आणि उरलेला हक्क तसाच पडू देणे हे त्यांना पाप वाटले. दुसऱ्या बदलीच्या वेळी पाटा-वरवंटा निघाला. मामांनी, "अगं, तिकडे मिक्सर आहे की आपल्याकडे," असे सुचवून पाहिले. मामी म्हणाल्या, "सरकार नेतंय न्हवं? मग तुमच्या का पोटात दुखतंय?" ह्या युक्तिवादास लष्करी नियमांत उत्तर नव्हते. पाटा-वरवंटा जम्मूस गेला, तेथून आसामात गेला, आणि ज्या भूमीवर त्याने एकदाही मसाला वाटला नाही अशा भूमीचे हजारो किलोमीटर त्याने सरकारी खर्चाने पालथे घातले.

येथे मला ह्या सर्व भत्तेशास्त्रातले मूलतत्त्व सापडले आणि तेच सांगण्यासाठी हा प्रपंच आहे. नियम करणाऱ्यांची समजूत अशी असते की, माणसाचा संसार अमुक एवढा असतो, तो पाहून आपण त्यास माप दिले. वास्तविक घडते ते उलट. माप आधी ठरते आणि संसार निमूटपणे त्या मापापर्यंत वाढतो. मामांना हवालदारी मिळाली आणि घरात लोखंडी कपाट आले. हवालदाराचे नायब सुभेदार झाले, तो हुकूम संध्याकाळी पोचला, आणि घरात एक चमचादेखील वाढलेला नसताना तो संसार कायद्याने ३,००० चा ६,००० किलो झाला. त्या रात्री मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून रिकाम्या भिंतींकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती पाहून मामांना पुढील पाच वर्षांचा खर्च दिसला असावा. सहारनपूरच्या नक्षीचा दिवाण, काश्मिरातले अक्रोडाच्या लाकडाचे मेज, आसामातल्या वेताच्या खुर्च्या, राजस्थानातला कूलर, अशा क्रमाने भारताच्या प्रत्येक लष्करी ठाण्याने त्या घरात आपला एकेक प्रतिनिधी पाठविला, आणि निवृत्तीपूर्वीच ते बिऱ्हाड राष्ट्रीय एकात्मतेचे एक फिरते प्रदर्शन होऊन बसले.

एवढा पसारा हलवावयाचा तर त्यास शिस्त हवी, आणि शिस्त तर घरातच होती. सैनिकाच्या घरातील पेट्या ह्या केवळ पेट्या नसतात; त्या क्रमांक घेतलेल्या, काळ्या रंगाने रंगविलेल्या आणि वहीत नोंदलेल्या अशा एका पलटणीच्या जवान असतात. कोणत्या पेटीत काय आहे ह्याची यादी पेटीच्या झाकणाच्या आत, आणि तिची नक्कल मामांच्या वहीत. नव्या ठाण्यास पोचल्यावर ह्याच पेट्या सुट्टी न घेता दुसऱ्या कामावर रुजू होतात. दोन पेट्यांवर गादी टाकली की पलंग, एकीवर भरतकामाचा रुमाल टाकला की टीपॉय, तिघींवर सतरंजी पसरली की पाहुण्यांचा कोच. पाहुणा चहा पीत असता त्याच्या बुडाखाली क्रमांक सतरा असतो, आणि क्रमांक सतरात हिवाळ्यातल्या रजया असतात, हे पाहुण्यास ठाऊक नसते. यजमानास मात्र चहा ओतताना त्याची सारखी आठवण असते, कारण थंडी पडू लागलेली असते आणि पाहुणा उठत नसतो.

आता भत्त्याकडे वळू. रस्त्याने सामान नेल्यास २०१७ च्या ज्ञापनातला मूळ कमाल दर शिपाई व नाईक ह्यांस दर किलोमीटरला १५ रुपये, हवालदारास २५ रुपये, त्यावर सर्वांस ५० रुपये. आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांनी वाढला की हे दर पंचवीस टक्क्यांनी वाढावेत, अशी सोय. म्हणजे महाराष्ट्रातून जम्मूकडे दोन हजार किलोमीटरांवर बदली झाली तर मूळ दराने हवालदाराची मर्यादा ५०,००० रुपये आणि नायब सुभेदाराची १,००,००० रुपये. ह्याखेरीज सामान बांधणे, सोडणे, दूधवाल्याचा हिशेब मिटविणे, नव्या गावी पडदे आखूड पडणे, ह्या सर्व किरकोळ यातनांबद्दल मूळ वेतनाच्या ८० टक्के इतके एकत्रित बदली अनुदान मिळते. अंदमान-निकोबार किंवा लक्षद्वीप ह्या बेटांवर जाता-येता ते १०० टक्के होते; समुद्र ओलांडण्यास जेथे पूर्वी प्रायश्चित्त घ्यावे लागे, तेथे आता वीस टक्के अधिक मिळतात, ही धर्मशास्त्राची प्रगतीच म्हणावयाची.

परंतु ह्या नियमाच्या मध्यभागी एक वीस किलोमीटरांची लक्ष्मणरेषा आहे. जुने आणि नवे ठाणे एकमेकांपासून वीस किलोमीटर किंवा त्याहून अधिक दूर असतील तर पूर्ण अनुदान. त्याच्या आत असतील, आणि घर बदलावे लागले, तर एक-तृतीयांश. आता पुण्यासारख्या ठिकाणी, जेथे खडकी, घोरपडी, वानवडी, दिघी, दापोडी अशी लष्करी ठाणी एकाच शहराच्या अंगाखांद्यावर बसलेली आहेत, तेथे खडकीहून वानवडीस गेलेल्या मनुष्याच्या कपबशा जम्मूस गेलेल्या कपबशांच्या एक-तृतीयांशच फुटतात, असे सरकारचे मत दिसते. आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीहून कँपात यावयाचे म्हणजे तर अंतर ह्या रेषेच्या आसपासच घोटाळते. ते कोणत्या फाटकापासून कोणत्या फाटकापर्यंत मोजावयाचे, ह्यावर जेवढी भूमिती खर्ची पडत असेल तेवढी तोफखान्याच्या शाळेतही पडत नसेल.

भत्त्यावरून होणारी ही ओढाताण आजची आहे असे मात्र कोणी समजू नये. मराठेशाहीत शिलेदारास मोहिमेवर बोलावण्यापूर्वी नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम द्यावी लागे, आणि ती मिळेपर्यंत घोड्याच्या पायात बळ येत नसे. इंग्रजांचे तर साम्राज्यच एकदा भत्त्यावर अडखळले. प्लासीनंतर मीर जाफरच्या कृपेने बंगालच्या सैन्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांस दुप्पट भत्ता मिळू लागला होता. तो क्लाइव्हने १७६६ मध्ये बंद करताच, ज्यांनी बंगाल घेतला त्याच शूर पुरुषांनी मुंगेर आणि अन्य छावण्यांतून एकाच वेळी राजीनामे देण्याचा कट केला. क्लाइव्हने राजीनामे स्वीकारले, मद्रासेहून माणसे मागविली, आणि बंड मोडले. पुढे १८२८ मध्ये लॉर्ड बेंटिंक ह्याने कलकत्त्याजवळच्या काही ठाण्यांवरील अधिकाऱ्यांचा भत्ता निम्मा केला, तेव्हा तोही त्या मंडळींच्या मनातून कायमचा उतरला. सती बंद करणारा हा मनुष्य इतिहासाने थोर मानला. अर्ध्या भत्त्यावर राहिलेल्या कॅप्टनांनी बहुधा मानला नसावा.

ह्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की, तेथे विनोदाने थोडा वेळ बाजूस उभे राहावे. १८२४ मध्ये ब्रह्मदेशच्या युद्धासाठी बराकपूरच्या सत्तेचाळिसाव्या देशी पलटणीस कूच करण्याचा हुकूम झाला. शिपायांना आपले सामान वाहण्यासाठी बैल स्वतःच्या पैशाने घ्यावे लागत. आणि युद्धाच्या पुरवठ्यासाठी बैल आधीच खरेदी झाल्यामुळे ते मिळत नव्हते, मिळाले तर परवडत नव्हते. शिपायांची मुख्य मागणी वाहतुकीची होती. तिला उत्तर २ नोव्हेंबर रोजी सरसेनापती पॅजेट ह्याच्या तोफांनी दिले, आणि ज्यांनी बैल मागितले होते त्यांच्यापैकी पुष्कळांना पुढे कोणत्याच प्रवासाची गरज उरली नाही. आज शिपायाच्या १,५०० किलोंना आणि मूळ १५ रुपयांना हसताना, त्या आकड्यांच्या मागे शंभर-दोनशे वर्षांची अशीही काही पाने आहेत, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

भत्ता देणे ही झाली अर्धी गोष्ट. तो तपासणे ही दुसरी, आणि अधिक रोमहर्षक. भूदलातील अधिकाऱ्यांचे वेतन व प्रवासभत्ते ह्यांचा हिशेब पाहणारे संरक्षण लेख्यांच्या प्रधान नियंत्रकांचे कार्यालय पुण्यात, गोळीबार मैदानावर आहे. सियाचीनच्या हिमनदीवरचा कॅप्टन असो वा अंदमानातला कर्नल असो, त्याच्या टॅक्सीच्या पावतीस अखेर पुण्याचे पाणी प्यावे लागते. ही स्थळाची निवड ज्याने केली त्याच्या द्रष्टेपणास तोड नाही. कारण जे शहर नाना फडणीसांच्या काळापासून दिडकीच्या रुजुवातीसाठी जागत आले, ज्या शहरातले सामान्य नागरिकसुद्धा रिक्षाच्या मीटरकडे आणि दुकानदाराच्या तराजूकडे निवृत्त न्यायाधीशाच्या नजरेने पाहतात, त्या शहराच्या हवेत एखादी संशयित पावती किती काळ तग धरणार?

मामा अधिकारी नसल्यामुळे त्यांचे कागद निराळ्या वाटेने जात. परंतु तपासनीस कोठलाही असो, तो दाव्याकडे सोयरिकीस आलेल्या स्थळाकडे पाहावे तसा पाहतो: दिसावयास बरे आहे, म्हणजे काहीतरी लपविलेले असणारच. मूव्हमेंट ऑर्डर जोडली, तर तिच्यावरची तारीख आणि ट्रकच्या बिल्टीवरची तारीख ह्यांत एका दिवसाचे अंतर का? बिल्टी जोडली, तर वजनाची चिठ्ठी कोठे? चिठ्ठी जोडली, तर वजन बरोबर ५,९९० किलो कसे भरले? ह्या शेवटच्या प्रश्नावर मामा मनापासून रागावत, कारण ते वजन खरोखरच तेवढे होते. मर्यादेच्या दहा किलो अलीकडे संसार आणून थांबविणे हे मामींचे वीस वर्षांच्या तपश्चर्येचे फळ होते. ज्या मनुष्याच्या हाती सरकार निःशंकपणे दारूगोळ्याचे कोठार सोपविते, त्याच्या ट्रकभाड्यावर मात्र सरकारचा विश्वास नाही, असे मामा म्हणत, आणि त्यावर हेड क्लार्क शांतपणे म्हणे, "साब, कोठाराची पण मोजणी होतेच की दर महिन्याला." ह्यावर मामा गप्प बसत, कारण तो युक्तिवाद त्यांच्याच तालमीत तयार झालेला असे.

तपासनीसाचाही थोडा पक्ष घेतला पाहिजे. एकाच ट्रकात दोन मित्रांचे बिऱ्हाड जाते आणि दोघांच्या दाव्यांत मात्र दोन ट्रक धावतात. ज्या क्रमांकाचा ट्रक संपूर्ण ६,००० किलो घेऊन विंध्य ओलांडतो तो चौकशीअंती स्कूटर निघतो. अशा कथा ज्या खात्याच्या लोकवाङ्मयात आहेत, त्या खात्याने पावती उजेडासमोर धरून पाहिली तर नवल नाही. शिवाय मुदतीचा बडगा आहेच. पूर्वी बदलीचा दावा दाखल करण्यास एक वर्ष मिळे. २०१८ पासून ही मुदत साठ दिवसांवर आली. साठ दिवसांत नवे ठाणे, नवी शाळा, नवा गॅस आणि नवे शेजारी हे सर्व स्थिरस्थावर करून, शिवाय कोणत्या पेटीत कोणती पावती गेली हेही शोधावयाचे. आणि पावत्या ठेवण्याची पेटी नेमकी तीच असते जिच्यावर पाहुणा बसलेला असतो.

ज्या वस्तूंस दर नाही त्यांचा विचार भत्त्यात नाही, आणि तो असावा असेही माझे म्हणणे नाही. मामांच्या मुलीने तिसऱ्या शाळेत चौथी जिवलग मैत्रीण केली आणि वार्षिक परीक्षेआधी तिला सोडले, ह्याची बिल्टी निघत नाही. मामींची तुळस वृंदावनासह सामानात धरली जाते की प्रवाशांत, हा प्रश्न मामांनी एकदा लेखी विचारावयाचे ठरविले होते. मामींनी ती सरळ मांडीवर घेऊन पुण्याहून जम्मूपर्यंत झेलम एक्स्प्रेसने नेली आणि प्रश्न निकाली काढला. मिलिटरी वॉरंटवर तुळशीचे नाव नव्हते; परंतु तिकीट तपासनीस हिंदू होता, आणि त्याने तिला नमस्कार करून पुढे जाणे पसंत केले.

अशा रीतीने माप येत गेले आणि घर त्या मापाइतके होत गेले. परंतु घराबरोबर मामाही होत गेले, हे आम्हांला फार उशिरा उमगले. निवृत्तीनंतर सैनिकास आपल्या पसंतीच्या गावी स्थायिक होण्यासाठी अखेरचा प्रवासभत्ता मिळतो, आणि तो मागण्यास आता १८० दिवसांची मुदत आहे. मामांनी साताऱ्यास पोचल्यावर नवव्या दिवशी दावा दाखल केला. यथाकाल हरकत आली: ट्रकाचा क्रमांक अस्पष्ट. मामांनी क्रमांक स्पष्ट करून पाठविला, परंतु अंतराचा दाखला जोडावयाचे राहून गेले. दुसरी हरकत आली. दाखला गेला, त्यावर सही राहिली. ज्या मनुष्याने तीस वर्षांत यादीतला एक खिळा चुकविला नाही, त्याचे हे विस्मरण आम्हां सर्वांस चिंतेचे वाटू लागले, आणि डॉक्टरांस दाखवावे असेही ठरले. मामी मात्र स्वस्थ होत्या. "टपाल आलं की बघा त्यांच्याकडं," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही पाहिले. लांब खाकी लिफाफा आला की मामा दाढी करून बसत, चष्मा पुसत, आणि त्यावरचे "सुभेदार (निवृत्त)" हे शब्द दोनदा वाचून मगच तो फोडीत. गावात त्यांना कोणी हिशेब विचारीत नव्हते; ते कोठून निघाले, केव्हा पोचले, किती किलो घेऊन आले, ही चौकशी जगात आता एकाच कचेरीस करावीशी वाटत होती.

आणि एके दिवशी काहीही पूर्वसूचना न देता दावा मंजूर झाला. रक्कम बँकेत जमा झाल्याचा निरोप आला, मामींनी शिरा करावयास घेतला, आणि मामा ओसरीवर असे बसले की समाचारास आलेल्या शेजाऱ्याने आवाज खाली आणला. अर्धा दिवस कोणी काही बोलले नाही. संध्याकाळी मामांनी पासबुक मागविले, जुनी वही काढली, आकड्याखाली आकडा मांडला, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. रकमेत अठ्ठेचाळीस रुपये कमी होते. "अहो, अठ्ठेचाळीस रुपयांपायी आता कशाला?" असे मामी म्हणत आहेत तोवर त्यांनी कागद पुढे ओढून वर उजव्या हाताला तारीख घातली होती, विषय लिहून त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या, आणि वजावटीचे कारण कळविण्याची विनंती करताना, ज्यावरून आणखी एक हरकत सहज निघू शकेल असा एक मुद्दा ते मोठ्या काळजीपूर्वक तिसऱ्या परिच्छेदात पेरीत होते.